किरण दिलेला कांदा: आधी डोस विचारा

लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-60चे गॅमा किरण दिलेला कांदा खाऊ नका, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. त्याला एवढंच विचारा: डोस किती ग्रेचा?

एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून साधारण 60 ग्रे देतात. तेवढ्याने कांदा कोमटसुद्धा होत नाही. मग कोंब थांबतो कसा? किरण रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात आणि बंध तुटतात. कांद्यात बहुतेक पाणीच. त्या पाण्याचे तुकडे होतात आणि त्यातला हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. एक कोटींमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच रेणू मोडतात, पण कोंबाच्या पेशीतल्या लांबलचक डीएनएला तेवढे घाव पुरतात. त्या पेशीची वाढ खुंटते. हायड्रॉक्सिलचं आयुष्य क्षणाचंही नसतं, तो कांद्यात उरत नाही. आणि अणूचं केंद्रक बदलण्याइतकी ताकद या किरणांत नसते, त्यामुळे कांदा किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात वाळवलेल्या पापडात ऊन उरत नाही, तसंच.

माणसाच्या सर्वांगावर एकदम चार-पाच ग्रे पडले तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच हे काम जाड काँक्रीटच्या भिंतींआड चालतं, आणि म्हणूनच डोस अंदाजावर सोडत नाहीत. ह्यूगो फ्रिक यांनी 1927 मध्ये दाखवलेली रीत आजही वापरात आहे. आम्लात विरघळवलेलं फेरस लोह किरणांनी फेरिक होतं. ते किती झालं हे अतिनील प्रकाशात मोजलं की डोस कळतो. साधारण 40 ते 400 ग्रेपर्यंत या द्रावणाची कुपी चोख हिशेब देते. पाण्याची जी मोडतोड कोंब थांबवते, तिच्यावरच हे मोजमाप चालतं.

काम बदललं की डोसही बदलतो. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला 2007 पासून किमान 400 ग्रे द्यावे लागतात, कोयीतल्या भुंग्याची पिढी पुढे वाढू नये म्हणून.

शेतकऱ्यांनो, काढणीनंतर कांदा सुकवून, निवडून लवकर केंद्रावर पाठवा. आत कोंब सरसावल्यावर उपयोग नाही, आणि 60 ग्रेने सड थांबत नाही. घरच्यांनो, किरणांनी फवारणीचं औषध जात नाही, फळं-भाजी धुवाच. पाकिटावर किरण दिलेल्या अन्नाचं हिरवं रॅडुरा चिन्ह दिसलं तर किरण दिल्याची तारीख आणि कशासाठी दिले, हे त्याच पाकिटावर वाचा.