कोड पुसण्याआधी
माझ्दाच्या ‘आरएक्स-८’ या स्पोर्ट्स कारचा ‘चेक इंजिन’ दिवा पुन्हा पुन्हा पेटू लागला, की स्कॅनरवर बऱ्याचदा पी०४२० हा कोड दिसतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. मालक महागडा कन्व्हर्टर बदलतो आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा हजर! कोड लक्षण सांगतो, मूळ दुखणं नव्हे. या गाडीच्या १.३ लिटर रोटरी इंजिनात दोन रोटर आणि चार इग्निशन कॉइल असतात. या कॉइल लवकर थकतात, हे तिचं जुनं दुखणं. ठिणगी कमजोर पडली की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. म्हणूनच दिवा लुकलुकू लागला, म्हणजे ठिणगी चुकत असल्याचा इशारा मिळाला, तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायलाच हवा. चांगला मेकॅनिक कोड लगेच पुसत नाही. पुसला की ‘फ्रीझ फ्रेम’ही जाते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाचं आरपीएम, तापमान, इंजिनावरचा भार. आधी तो पुढच्या रोटरची कॉइल मागच्या रोटरला लावून पाहतो. पुढच्या रोटरच्या मिसफायरचा (ठिणगी चुकण्याचा) कोड पी०३०१ जाऊन मागच्या रोटरचा पी०३०२ आला, तर चोर सापडला. ही तपासणी जवळजवळ फुकटात होते, तरी कन्व्हर्टरचं बिल आधी फाडलं जातं, हे संतापजनक आहे. कॉइल मात्र चारही एकदमच बदलाव्यात. त्यांचं वय सारखंच असतं.