डिस्क दोन, प्रत एकच

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या नॅसमधली, म्हणजे ग्योतोकूला एका सभासदांच्या कपाटात असलेल्या सामाईक डब्यातली, एक हार्ड डिस्क गेली. फोटो आणि हिशेब वाचले म्हणून माझे कौतुक झाले. ते मला पचलेले नाही, म्हणून हे चार शब्द.

डब्यात दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिले की तेच दुसरीवर उमटते. याला रेड-१ म्हणतात. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालते. लाल दिवा लागल्याचे कळले तशी मी कामावरून परस्पर तिकडे गेले आणि घाईत डिस्क ओढून काढली. नेमकी चांगली! ती परत बसवली तर पडद्यावर प्रश्न आला, 'शोकिका' करायचे का? माझे बोट 'हाइ'वर गेलेच होते. बरोबर आलेल्या पाचवीतल्या मुलीने कांजी वाचून अर्थ सांगितला, "आई, सगळं पहिल्यासारखं कोरं होणार." शोकिका! मराठी कानाला तरी आधीच कळायला हवे होते.

मग डबा बंद केला, दोन्ही डिस्कवर खाचेचा क्रमांक लिहिला. घरगुती डब्यांत बहुधा लिनक्सच असते, त्यामुळे चांगली डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडून, काही लिहिले जाणार नाही अशा बेताने उघडता आली. सगळे आधी बाहेरच्या नव्या डिस्कवर उतरवले आणि मगच डब्यात नवी डिस्क घालून जोडी पुन्हा तयार होऊ दिली. हा क्रम उलटा करू नये. जोडी लावताना उरलेली जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. दोघी एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या; त्या ताणात दुसरीही जाऊ शकते.

पण २०१३ च्या दिवाळीचा फोल्डर मिळाला नाही. तो डिस्कने गिळला नव्हता. दोन वर्षांपूर्वी जागा करताना आपल्यापैकीच कोणीतरी तो पुसला आणि आरशाने इमानाने दुसरीकडेही पुसला. त्यात लेकीकडे आलेल्या एका आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाहीत. घरच्यांकडेही प्रत नाही, कारण "मंडळाकडे आहे ना!"

आम्हा रसायनवाल्यांना हे नवे नाही. द्रावणच चुकीचे केले असेल, तर त्यातून दोनदा टायट्रेशन करून दोन्ही आकडे जुळले तरी उत्तर चूकच. क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या साठवणुकीतून सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. डिस्क बिघडली नव्हती, प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता. फटका १४ संशोधनगटांना बसला, त्यांतल्या चौघांची माहिती परत आणता येणार नव्हती. उलट मार्च २०११ च्या त्सुनामीत ओनागावा, मिनामीसानरिकु, रिकुझेन्ताकाता आणि ओत्सुची इथल्या कुटुंबनोंदी गेल्या, त्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या प्रती न्याय मंत्रालयाच्या कार्यालयात निराळ्या ठेवलेल्या होत्या.

म्हणून चार डिस्कचा मोठा डबा घ्यावा या सूचनेला माझा विरोध आहे. चार डिस्कचाही आरसाच होईल, फक्त महाग. त्याऐवजी दोन साध्या बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. महिन्याआड एकेक जोडून प्रत काढावी आणि लगेच सोडवून ठेवावी, म्हणजे डब्यात पुसलेले तिथे पुसले जाणार नाही. ग्योतोकू सखल, एदो नदीकाठी. तेव्हा निदान एक डिस्क कोनोदाईच्या चढावर राहणाऱ्या कोणाकडे असावी. वर्षातून एकदा त्यातले काही उघडून बघावे. आणि पासवर्ड एकट्या माझ्याकडे आहे, तो आणखी दोघांनी घ्यावा. मला रोज लॅब आहे, आणि मीच चांगली डिस्क ओढली होती हे विसरू नये.

खर्चाचा विषय पुढच्या बैठकीत आहे. तोवर एक विनंती. २०१३ च्या दिवाळीला जे हजर होते त्यांनी खणातले जुने फोन एकदा चार्ज करून बघावेत. ओव्या चालू असताना मागच्या रांगेत दोघा-तिघांनी फोन वर धरले होते, एवढे मला नक्की आठवते.