पॅकेजिंगचं काम नव्या पोराला देऊ नका

"नोकरीत तू नक्की करतेस काय?" असं नातेवाईकांनी विचारलं की मी "सर्व्हरचं काम" म्हणून मोकळी होते. खरं उत्तर असं: दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम लोकांच्या मशीनवर नीट बसेल, मशीन चालू झालं की आपोआप उठेल आणि थांब म्हटलं की गुमान थांबेल, हे मी बघते. आमच्या क्षेत्रात याला फारशी किंमत नाही. नवा पोरगा आला की त्याला सांगतात, "आधी पॅकेजिंग बघ, मग खऱ्या कोडकडे वळू." माझं मत बरोब्बर उलट आहे. हे काम टीममधल्या सगळ्यात मुरलेल्या माणसाला द्यावं.

अपाचे क्लाउडस्टॅकचं उदाहरण घ्या. वर एक मुख्य सर्व्हर, खाली बरीच केव्हीएम मशीनं, आणि त्या प्रत्येकावर जावात लिहिलेला एक एजंट. वरून हुकूम येतो, "हे व्हर्च्युअल मशीन चालू कर, ही डिस्क जोड", आणि हा ते करतो. शेतावरचा मुकादमच म्हणा ना. मुकादम झोपला म्हणून मजूर थांबत नाहीत, चालू असलेली व्हर्च्युअल मशीनं चालूच राहतात. पण मालकाचा निरोप पोचत नाही. मुकादम झोपलाय की शेतच बुडालंय, हे लांबून ओळखणं अवघड, आणि त्यावर घाईने घेतलेला निर्णय महागात पडतो.

आता असे एजंट झोपतात कशाने? माझा अनुभव विचाराल तर कोडमधल्या बगपेक्षा अपग्रेडने जास्त.

आरपीएमची गंमत बघा. अपग्रेड करताना आधी नव्या पॅकेजच्या फायली बसतात, मग नव्याची 'बसल्यानंतरची' स्क्रिप्ट चालते, आणि त्याच्याही नंतर जुन्याची 'जाण्यापूर्वीची' स्क्रिप्ट. त्या जुन्या स्क्रिप्टमध्ये कोणी सरळ "सर्व्हिस थांबव" एवढंच लिहिलं असेल, तर नुकताच उठवलेला नवा एजंट जुनं पॅकेज जाताजाता झोपवून जातं. जुन्या भाडेकरूने जाताना नव्याचा मेन स्विच पाडून जावं तसं! खरं तर स्क्रिप्टला एक आकडा मिळतो: ० म्हणजे पॅकेज कायमचं काढताय, १ म्हणजे अपग्रेड. तो तपासला की झालं. पण चुकीची स्क्रिप्ट तर ग्राहकाच्या मशीनवर आधीच जाऊन बसलेली असते. आज दुरुस्त केली तरी उपयोग याच्या पुढच्या अपग्रेडला. म्हणूनच कोरं मशीन घेऊन "इन्स्टॉल झालं, पास" म्हणणाऱ्या टेस्टिंगवर माझा काडीचा विश्वास नाही. जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाऊन दाखवा, मग बोलू.

जावाच्या तऱ्हा वेगळ्याच. २०१४ च्या जावा ८ मध्ये पर्मजेन नावाचा मेमरीचा भाग गेला. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये 'मॅक्सपर्मसाइझ' तसाच राहिला तर जावा नुसती कुरकुर करायचा. ती वॉर्निंग लॉगमध्ये, आणि लॉग वाचतो कोण? २०२१ मध्ये जावा १७ आला आणि त्याने हा पर्याय दिसताच उठायलाच नकार दिला. सात वर्षं सांगत होता बिचारा.

आणि तो १४३! सिस्टमडीने थांब म्हटलं की जावा व्यवस्थित आवराआवर करून १४३ हा आकडा देऊन बाहेर पडतो (१२८ अधिक सिग्नलचे १५). सिस्टमडीला वाटतं, मेला. युनिट फायलीत "१४३ म्हणजे यश" अशी एक ओळ लागते. ती नसेल तर शहाण्यासारखा थांबलेला एजंट लाल अक्षरात 'फेल्ड' दिसतो, लोक लाल बघायला सरावतात, आणि खरा मेलेला ओळखू येत नाही.

"मग जावा पॅकेजमध्येच बांधून द्या, कटकट मिटेल", असं बरेच मित्र म्हणतात. मला पटत नाही. जावाच्या सिक्युरिटी दुरुस्त्या दर तीन महिन्यांनी येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. जावा आपण दिला की त्या प्रत्येक वेळी नवं पॅकेज काढणं आपल्या गळ्यात, आणि एखादी खेप चुकली की त्या सगळ्या मशीनवर जुना, भोकं असलेला जावा. त्यापेक्षा लिनक्सच्या डिस्ट्रोचा वापरावा, आणि कोणती आवृत्ती चालते ते पॅकेजच्या डिपेंडन्सीत स्पष्ट लिहावं.