पुण्याचं काम म्हणे!

परवा रविवारी मामाकडे जेवायला गेलो होतो. तिथे चांगलंच वाजलं. कारण माझी मामेबहीण. सात वर्षं आयसीयूत नर्स आहे, आता ते सोडून हॉस्पिसमध्ये चाललीय. म्हणजे बरे न होणारे पेशंट शेवटचे दिवस जिथे काढतात, तिथे. पगार कमी. मामा गप्प. मामी म्हणे, "तिथून कोणी बरं होऊन घरी जातं का?" आमच्या मातोश्री म्हणे, "पुण्याचं काम आहे गं, पण आपल्याच मुलीने कशाला?"

मीही अक्कल पाजळली. "पण तुला त्यात मीनिंग सापडेल का?" (हा आम्हा आयटीवाल्यांचा लाडका शब्द. अप्रेझल झालं की आठवडाभर फार छळतो.)

"दादा, तुला तुझ्यात सापडलं का?"

असो.

मग ती बोलली ते सगळं कामाचंच बोलली. दुखणं दहापैकी किती ते विचारायचं. मॉर्फिन तोंडाने, साधी गोळी असेल तर दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. त्याने पोट अडतं, म्हणून जुलाबाचं औषध सोबतच. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोल, म्हणजे नातू जवळ येऊन बसतो. "नऊवर असलेला माणूस तीनवर येतो, रात्री झोपतो, सकाळी चहा मागतो. हा रिझल्ट नाही?"

आता माझं भांडण त्या 'पुण्य' शब्दाशी आहे. पुण्य म्हटलं की पगार विचारायचा नाही, शिफ्ट मोजायची नाही, आणि हे एक शिकून येणारं कसब आहे हे मान्यही करायचं नाही. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलात समाजसेविका, मग वेदना नीट हाताळायच्या म्हणून वयाच्या चाळिशीकडे झुकताना डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स काढलं. नुसत्या दयेवर भागलं असतं तर एवढा अभ्यास कशाला केला असता बाईंनी?

आपल्याकडे बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा आला आणि मॉर्फिन ठेवायचं म्हणजे परवान्यांची एवढी लफडी, की अनेक हॉस्पिटलांनी नादच सोडला. अफू आपल्याच देशात कायदेशीर पिकते, आणि आपलाच पेशंट ओरडतोय! दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. तोवर आपण सगळे 'पुण्याचं काम' म्हणून हात जोडत होतो.

मामीची भीती खोटी नाही. रोज मरण बघून माणूस पिळवटतो, ही पोरगीही पिळवटेल. पण आयसीयूत ती काय बघत होती?

२०१९ मध्ये आमचे आप्पा, म्हणजे तिचे आजोबा आणि माझेही, गेले. कॅन्सर सगळीकडे पसरलेला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "जे जे शक्य ते सगळं करा" असं मीच म्हणालो होतो. मोठा नातू ना! सही माझी आहे. अकरा दिवस व्हेंटिलेटर, हात बांधलेले. आम्ही दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं.

जेवणं झाल्यावर गॅलरीत तिला म्हटलं, आप्पांच्या वेळी तू काही बोलली का नाहीस?

"तेव्हा मला कोण विचारत होतं दादा? मी लहान."

एक तारखेला जॉइन होतेय. मामी अजून धड बोलत नाहीये. स्कूटरवर सोडायला मी जाणार आहे.