अन्ननलिकेच्या कॅन्सरला ‘शेक’ देताना हृदय आणि फुफ्फुसांचं काय?

“डॉक्टर, रोग अन्ननलिकेत आहे, मग शेक दिल्यावर काळीज जळणार नाही ना?” लासूर स्टेशन परिसरातल्या पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. पण अनेकदा त्याचं उत्तर “काही होत नाही” असं एका वाक्यात दिलं जातं. माझ्या मते हे चुकीचं आहे.

आधी ‘शेक’ या शब्दाबद्दल. रेडिएशनमध्ये शेकत काहीच नाही. मशीनखाली झोपल्यावर गरम लागत नाही, दुखत नाही. हे क्ष-किरण असतात, फक्त खूप जास्त शक्तीचे. ते गाठीपाशी थांबत नाहीत, आरपार जातात. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटरची नळी. तिच्या पुढे हृदय, दोन्ही बाजूंना फुफ्फुसं आणि मागे मणक्यातला मज्जारज्जू. म्हणजे किरण कुठूनही सोडले तरी वाटेत कोणी ना कोणी शेजारी येणारच.

म्हणूनच उपचाराआधी सीटी स्कॅन करून त्यावर प्रत्येक अवयवाची सीमा आखतात. ऑपरेशनआधी द्यायचा एक प्रचलित डोस ४१.४ ग्रे आहे, तो २३ बैठकांत देतात. ऑपरेशन करायचं नसेल तर साधारण ५० ग्रे, २५ ते २८ बैठकांत. मज्जारज्जूला सहसा ४५ ग्रेच्या वर जाऊ देत नाहीत. फुफ्फुसाच्या किती भागाला २० ग्रेपेक्षा जास्त मिळतं आणि हृदयाला सरासरी किती मिळतं, हेही मोजतात. प्लॅन तयार करायला काही दिवस लागतात ते यासाठी. तो वेळ वाया जात नसतो.

एवढं करूनही धोका शून्य होत नाही. शेवटच्या बैठकीनंतर साधारण एक ते सहा महिन्यांत काहींना कोरडा खोकला, दम लागणं, बारीक ताप सुरू होतो. ही फुफ्फुसाला आलेली सूज असते. हृदयाभोवती पाणी होणं किंवा हृदयाचे इतर त्रास काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही दिसतात.

खरी अडचण इथेच येते. तोपर्यंत पेशंट गावी परतलेला असतो. खोकला झाला की जवळच्या दवाखान्यात जातो आणि रेडिएशन झाल्याचं सांगतच नाही. मग अँटिबायोटिकचे कोर्स होतात, कधी टीबीचा संशय येतो. किरणांमुळे आलेल्या सुजेला अनेकदा स्टेरॉइड लागतं, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीत. उशीर झाला तर फुफ्फुस कायमचं कडक होऊ शकतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की रेडिएशन संपलं की प्रत्येक पेशंटच्या हातात मराठीत लिहिलेला एक कागद असायलाच हवा. कुठल्या भागाला, किती ग्रे, कधी दिलं आणि कोणत्या लक्षणाला लगेच परत यायचं, एवढं त्यावर असावं. कोणी दिला नाही तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी तो कागद आधी दाखवा.

भीतीपोटी उपचार टाळणं मात्र त्याहून घातक आहे. शेजारच्या अवयवाला होणारा त्रास ‘कदाचित’ होईल, पण उपचार न केलेला कॅन्सर वाढणारच. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय लासूरहून रेल्वेने जवळ आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या रेडिएशनचा समावेश आहे. बाजार आहे, लग्न आहे म्हणून मध्येच बैठका चुकवू नका. खंड पडला की गाठीतल्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो.

तुमच्या हातातल्याही दोन गोष्टी आहेत. बिडी-तंबाखू आजच बंद करा. आणि वजन घटू देऊ नका. अंग उतरलं की शरीराचा आकार बदलतो आणि आखलेला प्लॅन नीट बसत नाही. गिळता येत नसेल तर नळीने आहार घ्यायला लाजू नका.

“काळीज जळेल का?” याचं प्रामाणिक उत्तर असं: जळणार नाही. थोडा डोस मात्र त्यालाही मिळेल, म्हणून नंतरही लक्ष ठेवावं लागेल.