पाऊस उघडल्यावर भिंत का पडते? पंचनाम्यात न दिसणारी पडझड

जालना : मृग तोंडावर आला की शेतकरी बी-बियाणं, खताच्या मागे लागतो. घराच्या भिंतीकडे बघायला कुणाला सवड नसते. पण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात पिकांसोबत घरं, गोठे आणि विहिरीही खचवल्या. गोदाकाठच्या अंबड, घनसावंगी भागात तर पुराचं पाणी गावांत शिरलं. ज्या भिंती तेव्हा पडल्या त्यांचा पंचनामा झाला. ज्या भिजूनही उभ्या राहिल्या, त्यांचं काय? खरा धोका यंदा त्यांनाच आहे.

मदत पडलेल्याला, भिजलेल्याला नाही

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, खचलेल्या विहिरीला ३० हजारांपर्यंत मदत ठरली. अंशतः पडझडीत पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये, पण नुकसान किमान १५ टक्के असावं लागतं. भिंतीखाली माणूस गेला तर वारसाला ४ लाख.

म्हणजे हिशोब डोळ्यांना दिसणाऱ्या पडझडीचा आहे. भिंत उभी आहे, पोपडे निघालेत, पायथा ओला आहे, तर कागदावर ती शाबूत. तिची आतली ताकद किती गेली, हे मोजायला पंचनाम्यात रकानाच नाही.

पाणी भिंतीत काय करतं?

माती, वीट, मुरूम, सिमेंट, सगळं सच्छिद्र असतं. डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं आत असतात. पाणी या भोकांत नुसतं भरत नाही, ते कणांच्या अंगाला चिकटतं. याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात.

थोडा ओलावा ताकद देतो. पोरं नदीकाठी वाळूचा खोपा करतात तो ओल्या वाळूचा. कणांमधली पाण्याची पातळ साय कणांना एकमेकांकडे ओढून धरते. वाळू कोरडी झाली की खोपा ढासळतो, आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं तरी ढासळतो. भोकं पाण्याने गच्च भरली की ती ओढच संपते. मातीच्या भिंतीचंही तसंच. ती कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण गच्च भिजली की स्वतःचंच वजन तिला पेलत नाही.

दुसरी गोष्ट सोव्हिएत शास्त्रज्ञ रेबिंडर यांनी १९२८ साली दाखवली. कुठलीही घन वस्तू फोडायची म्हणजे आत नवा पृष्ठभाग उघडा करायचा, आणि त्याला जोर लागतो. पण पृष्ठभागाला चिकटणारा द्रव तिथे असला तर तोच पृष्ठभाग कमी जोरात उघडतो. म्हणून ओल्या वस्तूत चीर लवकर पुढे सरकते.

भिंत पाऊस चालू असतानाच पडेल असं नाही, ते याचमुळे. दीड-दोन फुटी भिंतीत पाणी हळूहळू आत सरकत राहतं. माळवदावरची माती भिजून जड होते. पाऊस उघडतो, ऊन पडतं, माणूस निर्धास्त होतो, आणि आतून भिंत तेव्हाच सगळ्यात कमजोर असू शकते.

काळी आणि पांढरी

जुनी माणसं शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणत. घर पांढरीत, पीक काळीत. माळवदावरही पांढरी मातीच टाकत. त्यामागे अनुभवाचं शहाणपण होतं.

काळ्या मातीचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे असतात. एका ग्रॅम मातीतल्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरू शकतो. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसते, शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. शेताला हे फुगणं-आकसणं चालतं, घराच्या पायाला चालत नाही.

या मातीची एक सोपी चाचणी भारतीय मानकात आहे. सुकवून चाळलेली १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात रॉकेल, दुसऱ्यात पाणी. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती होती तेवढीच राहते, पाण्यातली फुगलेली दिसते. माती तीच, फरक फक्त भोवतालच्या द्रवाचा. रॉकेलपेक्षा पाण्यातली माती ५० टक्क्यांहून जास्त भरली तर पाया घालताना सावध राहायचं.

आता गावठाणं भरली. नवी वस्ती, घरकुलं काळ्या रानात चालली. पैसा वाचवायला पाया उथळ घेतला, आणि पाया खोदून निघालेली काळी मातीच परत बाजूने भरली, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरकी भेग दिसू लागते. चूक गवंड्याची म्हणून वाद होतो, पण मूळ मातीत असतं.

सिमेंटचा गिलावा म्हणजे इलाज नव्हे

मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारायची पद्धत पडली आहे. दिसायला घर पक्कं होतं. पण गिलाव्याला भेग पडली की पाणी आत जातं आणि सिमेंटमुळे लवकर बाहेर पडत नाही. भिंत आतून ओली राहते, पायथ्याला लोणा लागतो. शेणामातीचा किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर पडू देतो.

आरसीसी घरही यातून सुटत नाही. जालना सळईचं गाव. पण स्लॅबला पाणी द्यायला कंटाळा केला आणि काँक्रीट भुसभुशीत राहिलं, तर भोकांतून पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून स्लॅब फोडतो.

विटेबाबत मानक स्पष्ट आहे. ताकद कोरड्या विटेची मोजतच नाहीत, पाण्यात भिजवून मगच दाबून बघतात. साधी वीट चोवीस तासांत वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी नसावी. तीन किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर ती परत करावी. वजनकाटा आणि बादली, एवढ्यावर ही तपासणी घरी होते.

विहिरीचा धोका

तुडुंब भरलेली विहीर मोटार लावून एका दमात उपसू नये. विहिरीतलं पाणी मागच्या ओल्या मातीला आधार देत असतं. तो आधार झटकन काढला की मागचं पाणी कडा आत ढकलतं. टप्प्याटप्प्याने उपसा करावा आणि ओल्या काठावर ट्रॅक्टर नेऊ नये.

आता काय करता येईल?

पावसाआधी पन्हाळी आणि माळवदाचा उतार नीट करावा. न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब न्यावं. भिंतीलगत मुरूम टाकून बाहेर उतार द्यावा. नवा पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा. भिंत फुगलेली, ओली किंवा कललेली असेल तर झडीच्या दिवसांत आणि पाऊस उघडल्यावरही काही दिवस तिच्या कडेला बाज टाकू नये, जनावरं बांधू नयेत.

ग्रामपंचायतीनेही एक काम करावं. पावसाआधी गावातल्या धोक्याच्या भिंतींची यादी ग्रामसभेत घ्यावी आणि त्या घरांना झडीपुरती शाळेची किंवा समाजमंदिराची खोली ठरवून द्यावी. याला पॅकेज लागत नाही. भिंत पडल्यावर मिळणाऱ्या ४ लाखांपेक्षा ती पडायच्या आधी हलवलेली बाज मोलाची आहे.