हार्ड डिस्क बदलली, अक्षराचे काय?

पंचवीस-तीस वर्षांचा एखादा संगणक टकटक आवाज करू लागला, सुरू होण्यास दहा मिनिटे घेऊ लागला आणि मध्येच थिजू लागला, की आपल्या मंडळींत दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, भंगारात द्या. दुरुस्तीच्या पैशांत थोडी भर घातली की नवा येईल. दुसरा जुन्या यंत्राचा भक्त असतो. तो म्हणतो, नेहरू प्लेस पालथे घाला, तसलीच हार्ड डिस्क मिळवा आणि यंत्र पूर्ववत चालते करा. आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही पक्ष खोक्यावरून भांडत आहेत. त्या डिस्कवर जे मराठी लिहून ठेवले आहे, त्याचा विचार दोघांपैकी कोणीच करीत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यास ही चिंता कदाचित अतिरेकी वाटेल. तेथे ग्रंथालये आहेत, वृत्तपत्रांची दप्तरे आहेत. एका ठिकाणी बुडालेले दुसरीकडे सापडते. आपली स्थिती तशी नाही. बदलीच्या गावी मराठी मंडळ म्हणजे एक भाड्याची खोली, एक कपाट आणि नव्वदच्या दशकात वर्गणी काढून घेतलेला एक संगणक. सभासदांच्या याद्या, गणेशोत्सवाचे हिशोब, दिवाळी अंकासाठी आलेले पण जागेअभावी राहून गेलेले लेख, दिवंगत सभासदांच्या आठवणी, हे सारे त्या एकाच डिस्कवर आहे. दुसरी प्रत नाही. ‘छापील अंक आहेतच की’ असे सांगणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, जे छापले गेले नाही त्याचा त्या डिस्कखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. ‘फाइली नव्या संगणकावर उतरवून घेतल्या की झाले’ असे ही मंडळी म्हणतात. झाले असते तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. त्या काळी संगणकावर मराठी उमटविण्याच्या नाना तऱ्हा होत्या. कोठे जिस्टचे कार्ड संगणकाच्या पोटात बसविलेले असे. कोठे श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांसारखे फॉन्ट वापरले जात. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: एका घरात काना, एका घरात अर्धा ‘त’, एका घरात रफार. कोणत्या घरात कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरविले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली मान्य झाले होते आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान होते. परंतु छपाईच्या धंद्याने पुढे कित्येक वर्षे आपलीच वाट धरली. परिणाम असा की, मूळ फॉन्ट नसेल तर अख्खे संपादकीय इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा होऊन पडद्यावर येते. पाने जुळविलेली असत पेजमेकरमध्ये, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली. काही सॉफ्टवेअरना तर संगणकाच्या पाठीमागे एक लहानसे कुलूप लावावे लागे. ते नसेल तर काम बंद. म्हणून हा मजकूर वाचून युनिकोडमध्ये उतरवीपर्यंत ते जुने यंत्र, त्याचे फॉन्ट आणि त्याचे कुलूप हीच त्याची किल्ली होय. खोके सीलमपूरच्या भंगारात धाडणारा मनुष्य ही किल्लीच विकत असतो.

दुसऱ्या पक्षाची भक्ती आम्हांस समजते. पण त्यांची घाई समजत नाही. आमच्या माहितीतील एका संस्थेने आपला संगणक अशाच एका जाणकाराकडे सोपविला. त्याने दुसरी डिस्क बसविली, यंत्र दिमाखात सुरू झाले, सर्वांनी चहा घेतला. आणि बारा वर्षांचे लेखन असलेली जुनी डिस्क ‘निकामी’ म्हणून त्याच दिवशी कचऱ्यात गेली. खोके वाचले आणि अक्षर बुडाले. ही डिस्क तरी निकामी होते म्हणजे काय होते? आतील तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारे टोक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर, हवेच्या पापुद्र्यावर तरंगत असते. टकटक हा बहुधा ते टोक आपली जागा चुकल्याचा आवाज असतो. त्या वेळी तबकडीवरील मजकूर पुष्कळदा शाबूत असतो. पण यंत्र चालू राहील तितका त्याचा नाश जवळ येतो. अशा वेळी डिस्क ‘तपासण्याची’ किंवा ‘नीट लावण्याची’ आज्ञा देणे म्हणजे हृदयविकाराच्या रोग्यास जिना चढावयास लावणे होय.

योग्य क्रम असा आहे. संगणक ताबडतोब बंद करावा. डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट संगणकास जोडावी आणि तिच्यावर एक अक्षरही न लिहिता तिची आरंभापासून अखेरपर्यंत नक्कल घ्यावी. डीडीरेस्क्यू नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर हेच काम करते: वाचता येईल तेवढा भाग आधी उचलते, बिघडलेल्या जागा मागे ठेवते, त्यांची नोंद करते आणि मग पुन्हा त्यांच्याकडे वळते. ही नक्कल दोन ठिकाणी ठेवावी. मग खुशाल नवी डिस्क बसवावी. ती मूळ जातीचीच हवी हा हट्ट व्यर्थ आहे. कॉम्पॅक्ट फ्लॅश जातीचे कार्ड एका साध्या जोडणीने जुन्या आयडीई तारेवर चालते आणि त्यात फिरणारे काहीच नसते. आकार मात्र बेताने निवडावा, कारण कित्येक जुने संगणक ५२८ मेगाबाइटच्या पलीकडे पाहू शकत नाहीत आणि त्यानंतरचे पुष्कळसे ८.४ गिगाबाइटपाशी अडतात. एवढे झाल्यावर खरे काम सुरू होते: एकेक लेख युनिकोडमध्ये आणून मराठी जाणणाऱ्या माणसाने तो वाचून पाहणे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे रूपांतर करणारे यंत्र वेलांट्या आणि रफार चुकीच्या डोक्यावर ठेवते. ते दुरुस्त करावयास डोळा माणसाचाच लागतो.

अक्षर टिकले तरी ते वाचता न आल्यास काय होते, याचे उदाहरण आम्हांस दूर शोधावे लागत नाही. आम्ही हिंदूरावच्या परिसरात राहतो. ज्यांच्या नावाने हा परिसर ओळखला जातो ते हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. त्यांचा वाडा होता त्या जागी आज महापालिकेचे रुग्णालय आहे. त्याच्याजवळच टेकडीवर अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो मेरठहून आणविला. अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ साली ते जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. दगड टिकला खरा. पण त्यावरील ब्राह्मी लिपी लोक इतके विसरले होते की, फिरोजशहाच्या काळच्या विद्वानांनाही अशोकाचे स्तंभलेख वाचता आले नाहीत. प्रिन्सेपने १८३७ साली त्या लिपीचा उलगडा केला, तोवर ते अक्षर दगडावर असून नसल्यासारखेच होते. आपल्या दिवाळी अंकांसाठी आपण प्रिन्सेपची वाट पाहणार आहोत काय? आणि दगडाने जेवढा धीर धरला, त्याच्या शतांशानेही ही तबकडी धरणार नाही.

उरला प्रश्न जबाबदारीचा, आणि तेथे बोट आपल्याच वर्गाकडे जाते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकावर निर्माण झालेली सामग्रीदेखील ‘अभिलेख’ मानली आहे. कचेरीतील कागद नियमाबाहेर नष्ट होऊ नये म्हणून आपण दिवसभर टिपणे लिहितो. आणि संध्याकाळी मंडळात येऊन तेच आपण म्हणतो, ‘काढून टाका, जागा अडते.’ मंडळास हा कायदा लागू नाही, हे खरे. पण कायद्यावाचून शहाणपण सुचू नये, असाही काही नियम नाही. शिवाय आपण सारे बदलीचे धनी. ज्या चिटणीसाने संगणक घेतला तो गुवाहाटीस गेला, ज्यास फॉन्ट ठाऊक होता तो निवृत्त होऊन नाशिकला गेला. कार्यभार देता-घेता खुर्च्या, सतरंज्या, समई यांची यादी होते. डिस्कवर काय आहे, ते कोणत्या फॉन्टात आहे आणि त्याची नक्कल कोठे आहे, याची ओळ त्या यादीत नसते.

ती ओळ घालावी, एवढेच आमचे मागणे आहे. पुढील कार्यकारिणीच्या बैठकीत कपाटावरचा तो धूळ खाणारा संगणक खाली उतरवावा; मात्र त्याची कळ दाबण्यापूर्वी त्याच्या डिस्कची नक्कल घेणारा मनुष्य बोलावून ठेवावा. अक्षर सुखरूप नव्या घरी पोचल्यावर मग ते खोके हवे त्या भंगारवाल्यास द्यावे. आम्ही हरकत घेणार नाही.